राजवाड्याच्या तिकिटाचे पैसे जातात कुठे?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत जयपूर, जोधपूर, उदयपूर करून आलो. वाडा दिसला की तिकीट, असा प्रकार. संस्थानं तर केव्हाच विलीन झाली, मग हे पैसे सरकारला जातात की राजांना? आणि एवढी माणसं येतात ती राजघराण्यांमुळे, की नुसत्या जुन्या भिंतींमुळे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोघांनाही जातात. तुम्ही कुठल्या दारातून आत शिरलात त्यावर ते ठरतं. जयपुरातला आमेरचा किल्ला, हवामहल आणि जंतरमंतर राज्य सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. पण आमेरच्या डोक्यावरचा जयगड राजघराण्याच्या ट्रस्टकडे, आणि जंतरमंतरला लागून असलेल्या सिटी पॅलेसमधलं संग्रहालयही घराण्याच्याच ट्रस्टचं. चितोडगड तिसऱ्याचाच, म्हणजे केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाचा. उदयपूरहून तोही पाहिला असेल, तर एका सहलीत तुम्ही तीन वेगवेगळ्या धन्यांचे गल्ले भरून आलात.

ही वाटणी झाली विलीनीकरणाच्या वेळी. आपली खासगी मालमत्ता कोणती, याची यादी संस्थानिकाने करून द्यायची आणि दिल्लीने ती तपासायची, असं ठरलं. साहजिकच बरेचसे किल्ले आणि कचेऱ्या सरकारकडे गेल्या. राहते वाडे, बागा, शिकारखाने बहुतेक राजांच्या नावावर राहिले. शिवाय वर्षाचा करमुक्त तनखा. म्हैसूरला 26 लाख, जयपूरला 18 लाख, आणि सौराष्ट्रातल्या काटोडियाच्या अधिपतीला वर्षाला 192 रुपये! महिन्याचे सोळा. त्यात राजवाडा सोडाच, दारावरचा शिपाईही टिकला नसता.

मोठ्यांची अडचण वेगळी होती. शेतसारा गेला, पण छप्पर तेवढंच राहिलं. जोधपूरचा उमेद भवन घ्या. दुष्काळात रयतेच्या हाताला काम मिळावं म्हणून महाराजा उमेदसिंगांनी 1929 मध्ये तो बांधायला घेतला. 347 खोल्यांचा हा डोलारा उभा राहिला 1943 मध्ये, आणि सहाच वर्षांत जोधपूर राजस्थानात विलीन झालं. आज त्याच इमारतीच्या एका भागात हॉटेल, एका भागात संग्रहालय आणि उरलेल्या भागात खुद्द राजघराणं राहतं.

हॉटेलाची वाट मात्र जयपूरने आधी धरली होती. सवाई मानसिंग दुसरे यांनी स्वतःचा राहता रामबाग पॅलेस 1957 मध्येच पाहुण्यांना खुला केला आणि स्वतः धाकट्या वाड्यात राहायला गेले. उदयपूरच्या भगवतसिंगांनी तळ्यातल्या जगनिवासाचं हॉटेल केलं ते 1963 मध्ये. तनखे चालू असतानाच या दोघांनी वारं ओळखलं होतं. 1970 मध्ये सरकारने राजांची मान्यताच काढून घेतली, तेव्हा ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. पण पुढच्याच वर्षी 26वी घटनादुरुस्ती झाली आणि तनखे कायमचे बंद पडले. त्यानंतर ज्यांनी ट्रस्ट काढले, हॉटेल कंपन्यांशी करार केले, त्यांचे वाडे आज झळकताहेत. भाऊबंदकीत आणि कोर्टात अडकलेल्यांच्या छपरांवर पिंपळ उगवलेत.

आता दुसरा प्रश्न. राजा असला की पर्यटक येतात हे मला फारसं पटत नाही. उलट राज्य गेलं म्हणून वाड्याचं दार उघडलं. इंग्लंडात तर राजसत्ता अजून नांदते आहे, पण बकिंगहॅम राजवाड्याचे दिवाणखाने लोकांना पाहायला मिळाले ते 1993 पासून. आदल्या वर्षी विंडसरचा किल्ला जळाला, त्याच्या दुरुस्तीला पैसा हवा होता, म्हणून. तेही मुख्यतः उन्हाळ्यात, राजघराणं मुक्कामाला नसतं तेव्हा. व्हर्सायला तर 1789 पासून एकही राजा राहायला गेलेला नाही, आणि तिथल्या रांगा तुम्ही फोटोत पाहिल्याच असतील. आपल्याकडे नीमराण्याचा पडका किल्ला राजघराण्याशी काही संबंध नसलेल्या दोघांनी 1986 मध्ये विकत घेतला, डागडुजी केली, हॉटेल काढलं आणि ते उत्तम चाललं.

तरी राजघराण्याचा उपयोग शून्य, असंही म्हणता येणार नाही. भिंती सरकारला सांभाळता येतात, पण भिंतींच्या आतलं सामान घरच्यांनीच जपलेलं असतं. ग्वाल्हेरच्या जयविलास पॅलेसमध्ये (जयाजीराव शिंद्यांनी 1874 मध्ये बांधलेला) जेवणाच्या लांबलचक टेबलावर रूळ टाकलेले आहेत आणि त्यांवर चांदीची चिमुकली आगगाडी. डब्यांत कापीव काचेच्या सुरया. गाडी पाहुण्यांपुढून फिरायची, एखाद्याने सुरई उचलली की थांबायची आणि परत ठेवली की पुढच्या पाहुण्याकडे निघायची. दरबार हॉलमधल्या झुंबरांचं वजन प्रत्येकी साडेतीन टन. ते छताला पेलेल का, हे पाहायला आधी वर हत्ती चढवले होते, असं तिथले गाइड छातीठोकपणे सांगतात. हत्तींचं खरं-खोटं तेच जाणोत, पण आगगाडी मात्र डोळ्यांनी पाहता येते. सरकारी कपाटात ती गेली असती, तर तिच्यावर नोंदणी क्रमांकाची पांढरी चिठ्ठी चिकटली असती आणि गंमत संपली असती, हे आपलं माझं मत.

म्हैसूरने दोन्हींची सांगड घातली आहे. राजवाडा सरकार चालवतं. दसऱ्याचा खासगी दरबार घराणं आत भरवतं, आणि बाहेर जंबू सवारीच्या मिरवणुकीत सोन्याच्या अंबारीत पूर्वी महाराज बसायचे तिथे आता चामुंडेश्वरीची मूर्ती असते. गर्दी काही कमी झालेली नाही.

सांगलीहून एवढ्या लांब न जाताही हा प्रकार पाहायचा असेल, तर कोल्हापूरचा न्यू पॅलेस गाठा. तळमजल्यावर छत्रपतींचं संग्रहालय आहे, वरच्या मजल्यावर घराण्याचं वास्तव्य. जिना दिसतो; चढायला परवानगी नाही.