शंभर दाण्यांची परीक्षा

बीड जिल्ह्याचा नकाशा पुढे ठेवून पाहिले, तर त्याच्या मधून बालाघाटच्या डोंगररांगा गेलेल्या दिसतात. उत्तरेस गोदावरीच्या काठी गेवराई, माजलगाव या भागांत खोल, काळीभोर जमीन आहे. डोंगरावर पाटोद्याकडे, जेथे मांजरा नदी उगम पावते, तेथे ती उथळ व मुरमाड आहे. जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. मृगाचा एखादा सडाका येतो, शेतकरी आशेने चाड्यावर मूठ धरतो, आणि मग पाऊस पंधरा-पंधरा दिवस तोंड दाखवीत नाही. पेरलेले उगवले नाही, की दुबार पेरणी आलीच. पुन्हा बियाणे, पुन्हा मजुरी आणि बहुधा पुन्हा कर्ज! दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील लाखो माणसे हाती कोयता घेऊन ऊस तोडण्यासाठी दूरच्या साखर कारखान्यांकडे जातात. त्यांच्या या वणवणीमागे शेतीचा हा बेभरवसाही आहे.

पाऊस पाडणे कोणाच्या हाती नाही. परंतु बियाणे कसे आहे आणि पाऊस किती पडला, या दोन गोष्टी पेरणीपूर्वी जाणून घेणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. हे काम शाळेतील मुलेही उत्तम रीतीने करू शकतात.

शाळेने मुलांना शेतात न्यावे, ही कल्पना नवी नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वसतिगृहांतील गरीब मुले शेतात राबत आणि त्या श्रमावर शिकत. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उत्पादक श्रमातून शिक्षण देण्याचा विचार देशापुढे मांडला. पुढे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. हात चालू लागले की बुद्धीही चालू लागते, हे ओळखून त्यांनी माध्यमिक शाळांसाठी जो अभ्यासक्रम तयार केला, त्यात शेती व पशुपालन यांनाही स्थान दिले.

अशा कामांपैकी अगदी सोपे काम म्हणजे बियाण्याची परीक्षा. त्यासाठी ना यंत्र लागते, ना पैसा.

समजा, घरी पेरणीसाठी सोयाबीन राखून ठेवले आहे. सोयाबीनचे टरफल फार पातळ असते. मळणीत मार बसला किंवा पोते उंचावरून आदळले, तरी आतला अंकुर दुखावतो. दाणा मात्र वरून टपोरा दिसतो. म्हणून डोळ्यांवर विसंबून चालत नाही. पोत्याच्या वरचे, मधले व तळाचे मूठ-मूठ दाणे घेऊन ते एकत्र मिसळावेत. त्यांतून न निवडता शंभर दाणे मोजून घ्यावेत. चांगलेचुंगले तेवढे वेचले, तर ती परीक्षा नव्हे, स्वतःचीच फसवणूक होय. स्वच्छ धुतलेले गोणपाट ओले करून त्यावर दहा ओळींत दहा-दहा दाणे मांडावेत. वर दुसरे ओले गोणपाट घालून हलक्या हाताने गुंडाळी करावी व ती सावलीत ठेवावी. गोणपाट सुकू देऊ नये. सात-आठ दिवसांनी गुंडाळी उलगडून धडधाकट कोंब आलेले दाणे मोजावेत.

सत्तर किंवा अधिक दाणे उगवले, तर एकरी तीस किलो बियाणे पुरे होते. साठच उगवले, तर? येथे आपले त्रैराशिक कामी येते. तीस गुणिले सत्तर, भागिले साठ, म्हणजे पस्तीस किलो बियाणे घ्यावे. साठांहूनही कमी उगवले, तर ते बियाणे न पेरणेच शहाणपणाचे. एका गोणपाटावर हे कळले, तर हळहळण्याचे कारण नाही. तेच शेतात कळले, तर सारा हंगाम हातचा जातो.

दुसरे काम पाऊस मोजण्याचे. सरळ उभ्या कडांचा डबा झाडाझुडपांपासून दूर, मोकळ्या जागी पक्का बसवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजून लिहावी व डबा रिकामा करावा. हवामान खात्याची पावसाच्या नोंदीची वेळही तीच आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी पडले. साधारणपणे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरणीची घाई करू नये, असे कृषितज्ज्ञ सांगतात. "काल बक्कळ पडला" असे म्हणणे वेगळे आणि "आजवर एकूण ४२ मिलिमीटर झाला" असे म्हणणे वेगळे. पहिल्या वाक्याने मन सुखावते. दुसऱ्याने पेरणी थांबते आणि बियाणे वाचते.

शाळेजवळ थोडी जमीन असेल, तर तिसरा प्रयोगही करावा. शेजारी-शेजारी दोन सारखे वाफे करून दोन्हींत एकच सोयाबीन पेरावे. एका वाफ्याच्या बियाण्यास रायझोबियम हे जिवाणू खत चोळावे, दुसऱ्याच्या चोळू नये. बाकी सर्व काही सारखेच ठेवावे. पीक फुलावर आले, की दोन्हींतील काही रोपे मुळांसकट अलगद उपटून मुळांवरील गाठी मोजाव्यात. गाठ कापल्यावर आत गुलाबी रंग दिसला, तर ती हवेतील नत्र पिकाला मिळवून देत आहे, असे समजावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे फरक कशामुळे पडला ते निश्चित सांगता येते.

या साऱ्या कामांचा प्राण म्हणजे नोंदवही. तारीख, पाऊस, उगवलेले दाणे, हे सर्व जसे घडले तसे लिहावे. बरे दिसावे म्हणून एकही आकडा बदलू नये. ऊसतोडीस जाणाऱ्या घरांतील कित्येक मुलांची शाळा हिवाळ्यात तुटते. परंतु पेरणीच्या दिवसांत बहुतेक कुटुंबे गावी परतलेली असतात. म्हणून हे काम त्या मुलांनाही सर्वांच्या बरोबरीने करता येते आणि त्यांचे शिक्षण थेट त्यांच्या शेतापर्यंत पोहोचते.

जमीन कोणाशी खोटे बोलत नाही. मात्र तिला नेमका प्रश्न विचारावा लागतो व धीराने उत्तर ऐकावे लागते. ज्याने शंभर दाणे स्वतः मोजले, तो पुढे ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबेल. शेतीत काय किंवा इतर व्यवहारात काय, हे थांबणे फार मोलाचे आहे.

अभ्यास

१. परीक्षेसाठी दाणे न निवडता का घ्यावेत?
२. "पहिल्या वाक्याने मन सुखावते; दुसऱ्याने पेरणी थांबते." या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. शाळेचे छप्पर १०० चौरस मीटर आहे. २० मिलिमीटर पाऊस झाल्यास त्यावर किती लिटर पाणी पडेल?
४. वाक्यांत उपयोग करा : तोंड न दाखवणे, कामी येणे, हातचा जाणे.
५. घरातील कोणत्याही धान्याच्या शंभर दाण्यांची परीक्षा घ्या व आठ दिवसांची नोंद वहीत लिहा.