पिणाऱ्याला पिणाराच भेटावा

दारू सोडवण्याचे सगळ्यात जास्त उपाय माहीत असतात ते कधीच न प्यालेल्यांना. माझ्यावरही ते झाले. आईनं देवापुढे शपथ घ्यायला लावली, मेहुण्यानं चारचौघांत खडसावलं आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून घरच्यांनी माझ्या नकळत चहातून ‘दारू सुटायची पावडर’ सुरू केली. त्या संध्याकाळी पहिलाच पेग पोटात गेला आणि तोंड भाजल्यासारखं लाल झालं, छाती धडधडायला लागली, उलट्या थांबेनात. मला वाटलं, दारूत भेसळ आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी बायकोला खोदून विचारलं तेव्हा पुडीची भानगड बाहेर आली. डायसल्फिराम नावाचं असं औषध खरंच आहे, पण ते रुग्णाला सांगून, तपासण्या करून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. ते अंगात असताना दारू गेली, तर रक्तदाब कोसळून माणूस जाऊही शकतो. पुढे कित्येक दिवस मी घरचा चहा प्यालो नाही. दारू मात्र चालूच होती.

माझी सुटली ती आमच्याच बैठकीतल्या एका दोस्तामुळे. मध्ये तो दिसेनासाच झाला होता. आला तो अंगावर स्वच्छ शर्ट, हात स्थिर. उपदेश एका शब्दाचाही नाही. स्वतःचंच सांगत बसला. संडासातल्या फ्लशच्या टाकीत क्वार्टर कशी लपवायचा, सकाळी उताऱ्याशिवाय दाढी कशी करता यायची नाही... ऐकताना मला घाम फुटला, कारण माझीही क्वार्टर त्याच जागी असायची. त्याच्याशी खोटं बोलायची सोयच नव्हती.

पिणाऱ्यानं पिणाऱ्याला स्वतःचं सांगायचं, ही रीत त्याची नव्हे, हे नंतर कळलं. ती कुठून आली ते पाहायचं असेल, तर ‘माय नेम इज बिल डब्ल्यू.’ हा 1989 चा अमेरिकन टीव्ही चित्रपट मिळाला तर जरूर पाहा. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात वावरणारा बिल विल्सन दारूत पार बुडालेला. 1934 मध्ये त्याचा जुना पिणारा मित्र एबी घरी येतो आणि समोरचा ग्लास नाकारतो. पुढच्या मे महिन्यात धंद्याचं काम फिसकटलेला बिल ॲक्रनमध्ये, हॉटेलच्या लॉबीत एकटा. बारमधले आवाज कानावर येताहेत. तो बारऐवजी फोनकडे वळतो. कुणीतरी पिणाराच बोलायला हवा असतो. त्यातून गाठ पडते डॉ. बॉब स्मिथशी. पंधरा मिनिटं देईन म्हणणारा हा सर्जन काही तास बोलत राहतो. तरी त्यानंतर तो घसरलाच. 10 जून 1935 ला शस्त्रक्रियेआधी त्याचे थरथरते हात सावरावेत म्हणून खुद्द बिलनंच त्याला बिअर दिली. ती त्याची शेवटची. पिणाऱ्यांनीच एकमेकांना सावरणाऱ्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसची (एए.) सुरुवात याच दिवसापासून धरतात.

बिअरचा तो तोडगा मात्र घरी करू नका. पण दारू एकदम तोडूही नका. रोज पिणाऱ्यानं ती अचानक बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. ‘आता कसा सुतासारखा सरळ होतो बघ’ म्हणत त्याला खोलीत कोंडून ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. आधी डॉक्टर, मग एए.ची मिटिंग. आपल्याकडे पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून दारू सोडवण्याचं काम करतंय. त्यांच्याकडे रीतसर भरती होऊन उपचार घेता येतात. एए.च्या मिटिंगला फी नसते, पूर्ण नावही सांगावं लागत नाही.

आणि सुटलेला पुन्हा प्याला तर ‘गेला तो’ म्हणून सोडून देऊ नका. बिलला वाट दाखवणारा एबी स्वतः पुढे अनेकदा घसरला. बिलनं त्याला शेवटपर्यंत आपला स्पॉन्सरच, म्हणजे वाटाड्याच मानलं.

घरच्यांनो, तुमचं काय? बिलची बायको लोइस हिनं 1951 मध्ये आणखी एकीच्या साथीनं कुटुंबीयांसाठी अल-अनॉन उभं केलं. तिथे जायला तुमचा माणूस पिणं सोडेपर्यंत थांबावं लागत नाही.