आधी गाडीचं माप, मग शाफ्ट

चि. सौरभ यास,


जीपसाठी कुर्ल्याच्या भंगारातून मागचा प्रोपेलर शाफ्ट मिळाला आणि दोन्ही टोकं जुळली, असं कळवलंस. टोकं जुळणं हे सोपं काम. आपल्याकडचे मिस्त्रीही ‘बसता मां? मग झाला!’ म्हणून हात पुसतात. तू तसं करू नकोस.

तुझी सीजे-थ्रीबी मूळची विलीजची, महिंद्राने इथे बनवलेली. पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर अवघं ८० इंच, त्यामुळे मागचा शाफ्ट मुळातच आखूड. त्यात तुझ्या गाडीचं पेट्रोल इंजिन काढून कुणीतरी डिझेल टाकलंय, गिअरबॉक्स बदललाय, पाटेही उंच केलेत. आता कंपनीचं माप तिला लागू नाही आणि दुसऱ्या जीपचंही नाही. माप तिच्याच अंगावर घ्यायचं.

तेही चारही चाकं सपाट जमिनीवर, टाकी भरलेली, स्टेपनी जागेवर असताना. जॅकवर चढवून घेशील तर एक्सल खाली लोंबकळतो आणि माप जास्त येतं. ट्रान्सफर केसच्या योकपासून डिफरन्शियलच्या योकपर्यंत मोज. या स्थितीत शाफ्टच्या सरकत्या जोडाला दोन्हीकडे जागा हवी. मग चेसिस उचलून एक्सल पूर्ण लोंबू दे आणि त्या जोडाच्या किती खाचा एकमेकींत उरतात ते बघ. नंतर मागे पाच-सहा धट्टीकट्टी माणसं बसवून, पाटे दबल्यावर आत सरकायला जागा शिल्लक राहते का तेही बघ. शाफ्ट लांब असला तर खड्ड्यात जोड तळाला टेकतो आणि सगळा दणका ट्रान्सफर केसच्या आणि पिनियनच्या बेअरिंगवर जातो. मग लोक ऑइल सीलला दोष देत बसतात. आखूड असला तर थोडक्याच खाचांवर भार येतो, त्या झिजतात, आणि एखाद्या उसळीत शाफ्ट निसटतो. पुढचं टोक निसटून रस्त्यात रुतलं तर काय होईल, याचा विचार करूळ घाट डोळ्यांसमोर आणून कर.

लांबीइतकंच कोनाचंही महत्त्व. शाफ्टच्या टोकाचा क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जोड, तिरका फिरला की एका फेऱ्यात शाफ्टचा वेग दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. दुसरा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल आणि शाफ्टची दोन्ही योक एका रेषेत असतील, तरच तो चढउतार तिथल्या तिथे फिटतो. सरकता जोड उघडलास की आधी खडूने खूण कर. एक खाच चुकली तरी गाडी थरथरेल. पाटे उंच केल्याने पिनियनचं तोंड फिरलं असेल, तर पाटा आणि एक्सलच्या मध्ये पाचर घालून ते सरळ कर. नुसत्या नव्या क्रॉसवर पैसे घालवू नकोस. क्रॉस घेशील तेव्हाही टोपीचा व्यास आणि एकूण रुंदी व्हर्निअरने मोज. दिसायला सारखे असतात.

आमच्या एसटीच्या बसला शाफ्ट तुकड्यांत असायचा, मध्ये बेअरिंग, कारण लांब नळी वेगात मधोमध वाकून गरगरू लागते. तुझ्या जीपला ती भानगड नाही.

नळी कापून जोडायची वेळ आली तर गल्लीतल्या वेल्डरकडे जाऊ नकोस. त्याच्याकडे नळाचा जीआय पाइप तयारच असतो. शाफ्टच्याच जातीची नळी हवी, लेथवर सरळ धरून वेल्डिंग आणि मग बॅलन्सिंग. फोंडाघाट चढून कोल्हापूरला जा, तिथे या कामाची माणसं आहेत. नळीवर पत्र्याचे छोटे तुकडे वेल्ड केलेले दिसतील, ती बॅलन्सिंगची वजनं. गंज समजून घासून काढू नकोस.

राहिलं ग्रीस. खाऱ्या हवेत सरकता जोड आधी गंजतो. पावसाळा संपला की निपलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भर.

चतुर्थीला येतोय. तोवर पर्यटकांना बसवून तारकर्लीच्या फेऱ्या सुरू करू नकोस, आणि चिवला किनाऱ्याच्या वाळूत तर गाडी घालूच नकोस. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा