खडकावरील दळणाचे खळगे

कर्नाटकांत बल्लारीनजीक संगनकल्लू व कुपगल येथील टेकड्यांवर नवाश्मयुगीन शेतकऱ्यांच्या वसाहती होत्या. त्यांचा काळ स्थूलमानानें ख्रिस्तपूर्व ३००० ते १२०० हा होय. तेथील ग्रॅनाइटच्या खडकांत दळणाचे खळगे व घासल्याच्या खांचा आढळतात. खडकावर साचलेल्या पाण्यानें झिजलेल्या खळग्याचा तळ बहुधा खरबरीत असतो. दळणाच्या खळग्याचा तळ हातास गुळगुळीत लागतो. रुंद व उथळ खळग्यांत धान्य रगडीत. अरुंद खांचांत डोलेराइट दगडाच्या कुऱ्हाडी घासून त्यांस धार आणीत. त्या काळचें धान्य कोणतें, हें जळालेल्या दाण्यांवरून कळतें: कुळीथ, मूग व बारीक दाण्यांचीं तृणधान्यें. कुळीथ आपणांस परका नाहीं. उलट आपली नित्याची ज्वारी मूळची आफ्रिकेची!

अलीकडे खडीच्या खाणींनीं या स्थळांची बरीच हानि केली. कुऱ्हाड उचलून संग्रहालयांत ठेवतां येते, खडकांतील खळगा कोठें नेणार? सरकारी दप्तरांत अशी जमीन केवळ पोटखराबा म्हणून लागते. तिचें मोल तेथें नोंदलें जात नाहीं. ज्या खातेदाराच्या पोटखराब्यांत असा खडक असेल, त्यानें खडीचा करार करण्यापूर्वीं खळग्याचा तळ चांचपून पाहावा व लांबी, रुंदी आणि खोली मोजून पुरातत्त्व खात्यास कळवावें.