प्रवेश परीक्षेचे गुण आणि समाजकार्याची वाट

आपल्या शाळेतून शिकून गेलेली आणि पुढे पदवीधर झालेली अनेक मुले-मुली समाजकार्य विषयात पदव्युत्तर शिक्षण घेण्याची इच्छा बाळगतात. त्यांच्याकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : ‘प्रवेश परीक्षेत गुण कमी पडले, आता अर्ज करावा की सोडून द्यावा?’ या स्मरणिकेच्या निमित्ताने या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार करावा, असे आम्हांस वाटते. वरवर पाहता हा एका अर्जाचा प्रश्न आहे. परंतु ज्या वस्त्यांतून आपली मुले आली, त्या वस्त्यांत प्रशिक्षित कार्यकर्ता म्हणून उद्या कोण उभे राहणार, हा मोठा प्रश्न त्यामागे दडलेला आहे. आमचे उत्तर आरंभीच सांगतो. अर्ज अवश्य करावा. मात्र कमी गुणांचा अर्थ नीट समजून घेऊन आणि अर्जाचे उरलेले सर्व भाग कष्टपूर्वक भक्कम करून करावा.

परीक्षा काय मोजते?

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०२४ पासून पदव्युत्तर प्रवेशाच्या पहिल्या टप्प्यासाठी सीयूईटी-पीजी ही केंद्रीय परीक्षा स्वीकारली. त्यापूर्वी ही संस्था स्वतःची स्वतंत्र परीक्षा घेत असे. २०२५ च्या सीयूईटी-पीजीमध्ये ७५ प्रश्न आणि ९० मिनिटे असे स्वरूप होते. म्हणजे एका प्रश्नासाठी ७२ सेकंद मिळतात. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते; मराठीत नसते.

तालुक्याच्या महाविद्यालयात मराठी माध्यमातून बी. ए. झालेल्या मुलीने ही परीक्षा दिली, तर तिच्या विषयज्ञानाबरोबर आणखी दोन गोष्टींची कसोटी लागते : परक्या भाषेत वाचण्याचा वेग आणि संगणकावर परीक्षा देण्याचा सराव. निराधार वृद्धेशी कसे बोलावे, व्यसनी बापाच्या घरात मुलीची शाळा कशी टिकवावी, ग्रामसभेत दबलेल्या माणसाला बोलते कसे करावे, हे ७२ सेकंदांत मोजता येत नाही. म्हणूनच अनेक समाजकार्य संस्था लेखी परीक्षेनंतर अभियोग्यता चाचणी, गटचर्चा किंवा मुलाखत घेतात.

तरीही परीक्षेला नावे ठेवून मोकळे होणे योग्य नाही. वाचनाचा वेग सरावाने वाढतो. गुणदानाचे गणितही समजून घ्यावे. चारपैकी एकही पर्याय नक्की ठाऊक नसताना अंदाजाने उत्तर दिले, तर सरासरीने पाव गुण पदरात पडतो. एक चुकीचा पर्याय ओळखून बाद केला, तर ही सरासरी सुमारे पाऊण गुणाजवळ जाते. वजा गुणांच्या भीतीने वीस-वीस प्रश्न कोरे सोडणारी आपली मुले ज्ञानाअभावी नव्हे, तर या गणिताअभावी मागे पडतात.

२८२ गुणांचा धडा

बाबासाहेब १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. हा आकडा आपल्याकडे पुष्कळ वेळा सांगितला जातो. परंतु त्यातून बोध मात्र अर्धाच घेतला जातो. कमी गुण मिळाले तरी माणूस मोठा होतो, एवढेच सांगून भागत नाही. त्या गुणपत्रिकेनंतर काय घडले, हे पाहिले पाहिजे.

प्रथम दार उघडणारी माणसे भेटली. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि त्यांच्याच प्रयत्नाने महाराजा सयाजीराव गायकवाडांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली बडोदा संस्थानच्या साहाय्याने ते कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यानंतरचा भाग सर्वस्वी त्यांच्या परिश्रमाचा आहे. १९१५ मध्ये एम. ए., १९२१ मध्ये लंडनची एम. एस्सी., १९२३ मध्ये डी. एस्सी. मॅट्रिकनंतरच्या सोळा वर्षांत त्यांनी त्या २८२ गुणांना असे उत्तर दिले. २८२ या आकड्याचा आधार घेणाऱ्याने या सोळा वर्षांचेही ऋण मानले पाहिजे. आणि ज्यांच्या हाती दार आहे, त्यांनी एका गुणपत्रिकेवरून माणसाचा निकाल लावू नये, हाही त्यातला धडा आहे.

शिकून बाबासाहेबांनी जे उभे केले त्यात वसतिगृहांना मानाचे स्थान आहे. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला तिचे वसतिगृह सुरू झाले. आपली निवासी शाळा त्याच परंपरेतली आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांना समाजकार्याची ओढ वाटते, यात म्हणूनच नवल नाही.

१९३६ : दोन प्रवाह

भारतातील व्यावसायिक समाजकार्य शिक्षणाचा आरंभ १९३६ साली झाला. क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नागपाडा भागात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. त्याच वर्षी, त्याच मुंबईत बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि जातिनिर्मूलनावरील आपले न झालेले भाषण पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. एका प्रवाहाने गरजूंना साहाय्य करण्याचे शास्त्र शिकवले. दुसऱ्याने गरजूंना हक्काची जाणीव दिली. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य आणि समुदाय संघटन या पद्धती आपल्या मुलांनी जरूर शिकाव्यात. पण दुसऱ्या प्रवाहाचे भान घेऊनच त्या वर्गात बसावे. असा विद्यार्थी वर्गात असण्याची गरज त्या विद्यार्थ्याइतकीच त्या शिक्षणक्रमालाही आहे.

चूळपंथकाची कथा

अट्ठकथांमध्ये चूळपंथक भिक्खूची कथा येते. चार महिन्यांत त्याला एक गाथाही पाठ होईना. थोरला भाऊ महापंथक याने त्याला विहार सोडून जाण्यास सांगितले. तथागतांनी त्याला थांबवले आणि स्वच्छ पांढरे वस्त्र हाती देऊन ते चोळत राहण्यास सांगितले. चोळता चोळता वस्त्र मळत गेले. त्यातून त्याला अनित्यतेचा बोध झाला आणि तो अर्हत झाला. तथागतांनी त्याच्यासाठी ध्येय खाली आणले नाही, त्याच्या प्रकृतीला मानवेल असे साधन दिले. कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्याला मार्ग दाखवताना शिक्षकाने आणि पालकाने हीच दृष्टी ठेवावी.

अर्ज भक्कम कसा करावा?

पहिले साधन म्हणजे उद्देशाचे निवेदन. संस्था ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ मागते तेव्हा बहुतेक मुले ‘मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे’ असे लिहितात. या वाक्यातून परीक्षकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी केलेले एक काम घ्यावे आणि ते नीट सांगावे. समजा, वस्तीतील विधवा स्त्रियांचे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अर्ज भरून दिले. मग किती अर्ज होते, कोणत्या दाखल्यावाचून ते अडले, तलाठ्याकडे व तहसील कार्यालयात किती खेपा झाल्या, किती मंजूर झाले, जे नामंजूर झाले त्यांचे कारण काय, आणि हे सारे शास्त्रशुद्ध शिकण्याची गरज का वाटली, एवढे दोन परिच्छेदांत लिहावे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील मुलाने आपले स्थलांतर, मध्येच सुटलेली शाळा आणि वसतिगृहाने सावरलेले शिक्षण यांविषयी लिहावे. परंतु दया मागू नये. अनुभवातून कोणता प्रश्न मनात उभा राहिला, ते सांगावे.

दुसरे साधन म्हणजे कामाचा पुरावा. ज्या संस्थेत किंवा ग्रामपंचायतीत काम केले तिचे पत्र, कामाचा कालावधी, आणि आपले काम जवळून पाहिलेल्या प्राध्यापकाचे शिफारसपत्र जोडावे. मोठ्या माणसाचे कोरडे पत्र निरुपयोगी ठरते.

तिसरे साधन मुलाखत. कमी गुणांविषयी विचारले गेले, तर उत्तर दोन वाक्यांत द्यावे : कारण काय होते आणि त्यानंतर आपण काय केले. परीक्षेला दोष देत बसू नये, मान खालीही घालू नये. अॅट्रॉसिटी कायदा १९८९, हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा, रोजगार हमी योजना, आपल्या जिल्ह्यातील पाण्याचा वा स्थलांतराचा प्रश्न, यांची माहिती जवळ असावी.

चौथे म्हणजे एकाच दारावर विसंबून राहू नये. टाटा संस्थेचा तुळजापूर येथेही परिसर आहे. मुंबईचे निर्मला निकेतन १९५५ पासून आणि पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून हे शिक्षण देत आहेत. नागपुरात मातृ सेवा संघाचे महाविद्यालय आहे. प्रत्येक ठिकाणचे नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकातून स्वतः वाचावेत. नोकरी किंवा घरची जबाबदारी असेल, तर इग्नूचा एम. एस. डब्ल्यू. कोणत्याही पदवीधराला प्रवेश परीक्षेविना खुला आहे; त्यातही क्षेत्रकार्य करावेच लागते. यंदा काहीच जमले नाही, तर एक वर्ष प्रत्यक्ष कामात घालवून, रोज तासभर इंग्रजी वाचून पुन्हा परीक्षा द्यावी. असे वर्ष वाया जात नाही. पुढच्या अर्जात ते सर्वांत बोलके ठरते.

दाखले, शिष्यवृत्ती आणि स्वाभिमान

१९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. केंद्रीय संस्थेसाठी केंद्र शासनाच्या नमुन्यातील दाखला लागतो. केवळ ‘नवबौद्ध’ एवढाच उल्लेख असलेल्या दाखल्यामुळे अडचण येते. मूळ अनुसूचित जात आणि बौद्ध धर्म या दोन्हींची नोंद असलेला दाखला निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवावा. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी असलेल्या स्वाधार योजनेची चौकशीही वेळेत करावी. गुण मिळूनही कागद न मिळाल्यामुळे जागा जावी, यासारखे दुःख नाही.

राखीव जागेवर प्रवेश मिळाला म्हणून संकोच करण्याचे कारण नाही. शैक्षणिक प्रवेशातील विशेष तरतुदींना आधार देणारे कलम १५(४) पहिल्या घटनादुरुस्तीने १९५१ सालीच संविधानात आले. तो हक्क आहे. त्या हक्काचे चीज करणे मात्र आपल्या हाती आहे.

पालकांस दोन शब्द

‘स्पर्धा परीक्षा जमली नाही म्हणून समाजकार्य’ असे आपल्या मुलांना म्हणू नये. रुग्णालयातील समाजसेवा विभाग, बालसंरक्षण कक्ष, कुटुंब न्यायालयातील समुपदेशन, कारखान्यातील कामगार कल्याण, स्वयंसेवी संस्था आणि नेट उत्तीर्ण झाल्यास अध्यापन, अशी अनेक क्षेत्रे या पदवीने खुली होतात. पगार प्रत्येक ठिकाणी मोठा नसतो, हेही मुलांना आधीच सांगावे.

आजवर आपल्या वस्त्यांचे सर्वेक्षण करायला, आपल्या घरांची माहिती लिहून घ्यायला बहुधा बाहेरची माणसे आली. त्यांतील अनेकांनी चांगले काम केले. तरीही प्रश्न विचारणारी आणि उत्तर देणारी माणसे एकाच वस्तीतली असतील, तेव्हा प्रश्नच बदलतील. त्या दिवसासाठी आपल्या मुलींनी आणि मुलांनी हे शिक्षण घेतले पाहिजे. यंदाची गुणपत्रिका हाती घेऊन जे निराश बसले आहेत, त्यांनी पुढच्या माहितीपत्रकाची तारीख पाहून ठेवावी, दाखल्याचा अर्ज याच आठवड्यात करावा आणि आपल्या शाळेतील कोणत्याही शिक्षकाकडे निवेदनाचा कच्चा मसुदा घेऊन यावे. तो तपासून देणे हे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

जय भीम! नमो बुद्धाय!