जुलैतली ‘आजची’ सुरमई

पुण्यात समुद्राचा मासा येतो तो बर्फातूनच. गणेश पेठेतल्या बाजारात कितीही पहाटे गेलं तरी मासा बंदरातून निघून निदान एक रात्र गेलेली असते. म्हणून तर शनिवारी अंधारात निघायचं, कराड, मलकापूर, आंबा घाट, साखरपा करत दुपारच्या जेवणाला रत्नागिरी गाठायची. थिबा राजवाडा आणि रत्नदुर्ग संध्याकाळी पाहता येतात. आधी बर्फ न लागलेला मासा.

प्रस्तुत लेखिकाही जुलैतल्या एका शनिवारी याच ओढीने तिथे पोहोचली. नवरा, मुलगा आणि सासूबाई सोबत होत्या. हॉटेलात खुर्चीत टेकण्याआधी तिने स्पष्ट विचारलं होतं, “सुरमई ताजी आहे ना?” मालक गल्ल्यावरून उठून टेबलापाशी आले. “ताई, सकाळीच उतरलीय मिरकरवाड्यात. बर्फ लागलेलाच नाही.” दरपत्रकावर सुरमईपुढे आकडा नव्हता, ‘बाजारभावाप्रमाणे’ एवढंच छापलेलं होतं. तुकडी आली. वरचा रवा खरपूस आणि आत कोरडा चोथा. सासूबाई मूळच्या अलिबागच्या. एक घास घेऊन त्यांनी तुकडी ताटाच्या कडेला सारली आणि सोलकढीवर जेवण संपवलं. बिल मात्र ताज्या माशाचं होतं, तेही पुण्यातल्या भावापेक्षा चढं.

खरा प्रकार कळला रविवारी सकाळी. लिलाव बघायला म्हणून सगळे मिरकरवाडा बंदरावर गेले, तर लिलावच नव्हता. नौका एकीला एक चिकटून धक्क्याला बांधलेल्या, इंजिनं बंद, वर ताडपत्र्या. छोट्या होड्या काठावर ओढून शाकारलेल्या. बर्फाची गाडी नाही, टोपल्या नाहीत, हाकारे नाहीत. एक म्हातारे गृहस्थ जाळं दुरुस्त करत बसले होते. काल सकाळी सुरमई आली होती का, असं विचारल्यावर त्यांनी मान वर करून पाहिलं. “कसली सुरमई, बाय? बंदर बंद आहे जूनपासून.”

बंदी काही गुपित नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा, आणि त्याखाली १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची मनाई असते. बऱ्याच माशांचा हा प्रजननाचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. बंदी आहे हे योग्यच आहे. त्या दोन महिन्यांत कोकणात सुरमई मिळतच नाही असंही नाही. शीतगृहातली असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, त्यामुळे जूनच्या मध्यानंतर तिकडचा माल बर्फातून येऊ शकतो. तसा मासा विकण्यात गैर काहीच नाही. “ताई, बंदी आहे, बर्फातली आहे, चालेल का?” एवढं विचारलं असतं तर विषय तिथेच मिटला असता.

परतीच्या वाटेवर लेखिका त्या हॉटेलात पुन्हा गेली. पैसे मागायला नव्हे, विचारायला. मालक जराही गडबडले नाहीत. “सगळेच असं सांगतात हो. गिऱ्हाइकाला तेच ऐकायचं असतं.” आणि तिच्यासमोरच ते पलीकडच्या टेबलाकडे वळले. चिंचवडची मंडळी बसली होती तिथे. “साहेब, सकाळीच उतरलीय.” या वाक्याचा राग आजही गेलेला नाही.

तेव्हा, पावसाळ्यात जाणाऱ्यांनी “ताजं आहे का” हे विचारूच नये. त्याचं उत्तर ठरलेलं आहे. “आज खाडीचं काय आलंय?” असं विचारावं. बिगरयांत्रिक होड्यांना बंदी लागू नसते, त्यामुळे खाडीतली बोय, शेंगटं, चिंबोऱ्या, कधी तिसऱ्या खरोखर ताज्या मिळू शकतात. सुक्या सोड्यांची खिचडी हे तर कोकणातलं पावसाळ्याचंच जेवण. घरगुती खाणावळीत आदल्या रात्री फोन करून ठेवला तर करून देतात. सुरमई किंवा पापलेटच हवं असेल तर तुकडे पडायच्या आधी अख्खा मासा बघायला मागावा. डोळे आत गेलेले, कल्ले तपकिरी, बोट दाबल्यावर खड्डा तसाच राहिलेला, तर नको म्हणावं. दाखवायला कां-कूं केली तर उठावं. तुकडीचा दर तळणीत पडण्याआधी आकड्यात विचारावा. तळहाताएवढी पापलेटं कुणी कौतुकाने पुढे केली तर घेऊ नयेत. पापलेट हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्य मासा आहे आणि त्याच वर्षी राज्याने पापलेट, सुरमईसह ५४ प्रजातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला आहे.

बाकीचं नेहमीचं. खोलीचे पैसे भरण्याआधी सगळं लेखी घ्यावं. भाट्ये किंवा गणपतीपुळ्याला पावसाळ्यात पाण्यात उतरू नये. आंबा घाटाची स्थिती निघण्याआधी तपासावी, कारण जुलै २०२१ च्या पावसात हा रस्ता खचला होता. रविवारी दुपारनंतर घाटात धुकं आणि पुण्याकडच्या गाड्या दोन्ही वाढतात.

बिल मात्र जपून ठेवावं. १ जानेवारी २०२२ पासून खाद्यव्यावसायिकाच्या बिलावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक असणं बंधनकारक आहे. ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेवा शुल्क परस्पर बिलात लावता येत नाही. लेखिकेच्या बिलावर परवाना क्रमांक नव्हता, सेवा शुल्क होतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तिने बिलाच्या फोटोसह तक्रार नोंदवली. त्यानंतर मालकांचा फोन आला. “ताई, एवढ्याशा गोष्टीला तक्रार कशाला? पुढच्या वेळी या, थाळीत सवलत देतो.” सुरमईबद्दल त्यांनी तेव्हाही चकार शब्द काढला नाही. तक्रार तिने मागे घेतलेली नाही.