लग्नाचे बटवे : नावाच्या भेटीचा हिशोब

निकाहनंतर वाटायच्या खारका पूर्वी मंडपात उधळल्या जात किंवा ताटातून मूठमूठ दिल्या जात. आता त्या शिवलेल्या बटव्यातून देण्याची पद्धत पडली आहे. बाजारात याला पोटली म्हणतात. पाहुण्यांना साधा बटवा चालतो. पण वकील, दोन साक्षीदार, काझीसाहेब, वराचे मित्र आणि वधूच्या बहिणी-मैत्रिणी यांना स्वतःचे नाव घातलेला बटवा द्यावा, अशी घरच्यांची हौस असते. काम घरबसल्या होणारे आहे आणि भांडवलही थोडे लागते. तरीही यात हात पोळलेले कारागीर आम्ही बरेच पाहिले आहेत. नुकसान कापडामुळे क्वचित होते. ते होते मजुरीच्या हिशोबामुळे आणि नावामुळे.

प्रथम कापड. ४४ इंच पन्ह्याचे साटीन घ्या. तयार बटवा ५ इंच रुंद व ७ इंच उंच हवा असेल, तर ६ इंच रुंद व १८ इंच लांब पट्टी कापावी लागते. ती मधोमध दुमडली की तळाला शिवण राहत नाही आणि दोन्ही तोंडांना नाडीच्या नेफ्यासाठी दोन-दोन इंच मिळतात. पट्टीची ६ इंच बाजू पन्ह्यात धरली, तर एका मीटरमध्ये १४ बटवे निघतात. आडवी धरली तर १२ च. म्हणजे दीडशे बटव्यांना ११ मीटर कापड पुरते. ते एकसंध घेण्याची गरज नाही. कटपीसच्या दुकानात एक-दोन मीटरचे तुकडे स्वस्त मिळतात, आणि दोन-तीन रंग मिसळले तरी शोभून दिसतात.

आरीकाम कापड कापण्यापूर्वीच करून घ्यावे. सुटी पट्टी अड्ड्यावर ताणता येत नाही आणि ताण नसला की टाका सैल पडतो. कापड अड्ड्यावर चढवा, कापायच्या रेषा आखा, मग खाक्याने बुट्टी छापा. एकच बुट्टी असेल तर एकच खाका शेवटपर्यंत चालतो. नाव घालायचे तर प्रत्येक नावाला नवा खाका लिहावा व टोचावा लागतो. नावाच्या बटव्याचा खर्च सुई-धाग्यात नसून या वेळेत आहे, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि खेदाने म्हणावे लागते की कारागीरही ते मोजत नाही.

आता तो हिशोबच करून पाहू. समजा, दीडशे बटवे आहेत, त्यांपैकी १५ नावाचे. कापड १२० रुपये दराने ११ मीटर, १३२० रुपये. नाडी एका बटव्याला २० इंच, म्हणजे एकूण सुमारे ८० मीटर, ४०० रुपये. धागा, सितारे व खाक्याचा कागद ५०० रुपये, चिठ्ठ्यांचा जाड कागद २०० रुपये. सामान झाले २४२० रुपयांचे, म्हणजे बटव्यामागे सोळा रुपये. इथेच चूक होते. सोळाचे दुप्पट बत्तीस, वर तीन रुपये, चला पस्तीस, असा भाव तोंडातून निघून जातो.

वेळ धरून पाहा. बुट्टीला दहा मिनिटे, कापणे-शिवणे आठ, नाडी ओवणे व भरणे चार. एका बटव्याला २२ मिनिटे. दीडशेला ५५ तास. पंधरा नावांची जादा २५-२५ मिनिटे मिळून सव्वासहा तास. खाके व आखणी धरून एकूण ६५ तास. पस्तीसच्या भावाने ५२५० रुपये आले, त्यातून सामान गेले की उरले २८३०. म्हणजे तासाला साडेत्रेचाळीस रुपये. आठ तासांच्या दिवसाला साडेतीनशेही पडत नाहीत; त्यातून वीज, खराब गेलेला माल आणि बाजारात मारलेल्या फेऱ्या वजा व्हायच्याच आहेत. ही तूट शेवटी कोण भरते? घरी शिवण करणारी आपलीच बहीण किंवा शेजारची विधवा, जिला दरडझन ठरलेले पैसे निकाहनंतर पंधरा दिवसांनी मिळतात. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्यावी, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण व्यासपीठावरून ऐकतो, तिचे पैसे भाव सांगतानाच बाजूला काढलेले नसतील तर ती पाळणार कशी?

खरा भाव असा निघतो. तासाला ७५ रुपये धरून मजुरी ४८७५. सामानासह ७२९५. खराबीचे शेकडा ५ धरून ७६६०. त्यावर दुकानखर्च व नफा शेकडा २०, म्हणजे ९१९२ रुपये. बटव्यामागे एकसष्ट.

गिऱ्हाईक म्हणेल, महाग आहे. त्याचेही चूक नाही, लग्नात उधळपट्टी नको असे म्हणणारेही आपणच आहोत. अशा वेळी मजुरी कमी न करता काम कमी करावे. बुट्टी फक्त नावाच्या पंधरांवर ठेवा, बाकी १३५ बटव्यांच्या तोंडाला गोट्याची साधी पट्टी मशीनने मारा. बटव्यामागे आठ मिनिटे वाचतात, एकूण १८ तास. सामानाचा खर्च जवळपास तेवढाच राहतो आणि भाव पन्नासवर येतो. पाहुण्यांची नावे हवीच असतील तर ती कापडावर न काढता जाड कागदाच्या चिठ्ठीवर बोरूने लिहून नाडीत ओवावीत. मोहल्ल्यात एखादा चांगल्या हाताचा कातिब किंवा मदरशातला विद्यार्थी असतोच. त्यालाही चार पैसे मिळतील.

नावाचे पथ्य

नावे नेहमी गिऱ्हाइकाच्या हस्ताक्षरात, ज्या लिपीत काढायची त्याच लिपीत घ्यावीत. मराठीतून उर्दू आपण लावू नये. आपल्या एका 'ज'मागे उर्दूची चार अक्षरे उभी असतात. जुबेरचा ज 'जे'ने, जाकिरचा 'जाल'ने, रजियाचा 'ज्वाद'ने आणि जफरचा 'जोय'ने लिहिला जातो. मराठी यादीवरून अंदाजाने टाका घातला आणि नेमके काझीसाहेबांच्याच नावात अक्षर चुकले, तर तो बटवा कुणाला दाखवणार?

दुसरे पथ्य अदबीचे. खारीक खाऊन झाली की साधा बटवा बऱ्याचदा खुर्चीखाली पडतो. त्यावर बिस्मिल्लाह किंवा आयत काढू नये, गिऱ्हाइकाने आग्रह धरला तरी समजावून सांगावे. अब्दुल्लाह, अब्दुर्रहमान अशा नावांत अल्लाहचे नाव येते; ती नावे जपून ठेवल्या जाणाऱ्या बटव्यावर ठीक, पण हातरुमालावर नकोत. नावाचे रुमाल काढून देणाऱ्यांनी याचा विचार करावा.

तिसरे, तारीख. हिजरी तारीख तर आगाऊ काढूच नये. चंद्र एक दिवस मागे-पुढे झाला की ती चुकते, शिवाय मगरिबनंतर निकाह झाला तर हिजरी तारीख पुढची लागते. इंग्रजी तारखेचाही भरवसा नाही. २०२० च्या मार्चमध्ये आमच्याकडे सव्वाशे बटवे तारखेसह तयार होते, आणि लॉकडाऊन लागले. लग्न पुढे गेले ते कित्येक महिने. तारीख उसवून पाहिली, तर साटीनवर सुईची भोके चाळणीसारखी दिसू लागली. शेवटी निम्मे नुकसान त्यांनी सोसले, निम्मे आम्ही. लेखी काहीच ठरलेले नव्हते, म्हणून कुणाचे किती यावर दोन घरांत विनाकारण कडवटपणा आला. तेव्हापासून आम्ही नावे काढतो, तारीख नाही.

लेखी करार

उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, अशी आज्ञा सूरह अल-बकरहच्या २८२ व्या आयतीत आहे. बनवून देण्याच्या कामाला फिकहमध्ये 'इस्तिस्ना' म्हणतात. हनफी मतानुसार यात सर्व रक्कम आधी घेणे आवश्यक नाही. थोडा इसार, बाकी माल देताना, असे चालते. इमाम अबू यूसुफ यांचे मत असे की, माल ठरल्याप्रमाणे असेल तर घेणाऱ्याला नाकारता येत नाही. उस्मानी काळातील 'मजल्ला' या कायद्याने हेच मत स्वीकारले, आणि १९९२ साली जेद्दाहच्या इस्लामी फिकह अकादमीनेही हा करार दोघांवर बंधनकारक मानला. मात्र मालाचे वर्णन व मुदत पक्की हवी. कोकणातले आपले बंधू बहुतांशी शाफई आहेत. त्यांच्या मजहबात अशी मागणी 'सलम'च्या नियमांत बसवावी लागते आणि त्यात सर्व रक्कम करार करतानाच द्यायची असते. तेव्हा रत्नागिरीचे गिऱ्हाईक आणि मालेगावचा कारागीर असा व्यवहार असेल तर आधी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

चिठ्ठीत एवढे हवे: बटव्यांची संख्या, माप, कापडाचा रंग, नावांची सही केलेली यादी, एकूण रक्कम व इसार, माल देण्याचा दिवस, आणि लग्न पुढे गेल्यास काय करायचे. एक नमुना बटवा तयार करून गिऱ्हाइकाकडून पसंतीची सही केलेली चिठ्ठी त्यातच घालून ठेवावी. पुढे 'रंग असा नव्हता' हा वाद उरत नाही.

भरण्याबाबत थोडेच सांगायचे. खारीक कोरडी असावी. ओला खजूर भरला तर त्याचा पाक साटीनवर उतरतो आणि डाग जात नाही. द्यायचाच तर आधी बटर पेपरमध्ये गुंडाळावा. अत्तराची कुपी त्याच बटव्यात घालू नये, खारकेला वास लागतो.

राहिला हंगाम. शव्वालची लग्ने ठरतात आधी, पण मागणी येते रमजान निम्मा झाल्यावर. तेव्हा मुंबईच्या जरीकारखान्यांतले कितीतरी कारागीर ईदसाठी बिहार-उत्तर प्रदेशातल्या गावी निघालेले असतात, आणि उरलेले दुप्पट मजुरी मागतात. म्हणून शव्वालचे काम शाबानमध्येच घ्यावे, अड्ड्याचे काम दहाव्या रोज्यापर्यंत व शिवण विसाव्यापर्यंत संपवावी. शिवणाऱ्या बायकांचे पैसे त्याच दिवशी द्यावेत, म्हणजे त्यांच्या मुलांचे ईदचे कपडे वेळेवर शिवून होतील.